चहाला ड्रिपमधून खत कसं द्यायचं (आसाम, डुआर्स आणि थोडं वालपराई)

आपल्याकडची बरीच पोरं ड्रिपच्या कामावर आसाम, डुआर्स (उत्तर बंगालचा हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा), तमिळनाडूतल्या वालपराई, निलगिरीला जातात, कोणी फिल्ड इंजिनिअर म्हणून तर कोणी थेट बागेत असिस्टंट म्हणून. पाइप, फिल्टर, व्हेंचुरी (खत ओढून पाण्यात मिसळणारी जोडणी) हे सगळं त्यांना पाठ असतं कारण द्राक्ष, केळी, डाळिंब बघतच मोठी झालेली असतात. अडचण खताच्या वेळापत्रकात येते. नाशिकच्या द्राक्षाचं किंवा जळगावच्या केळीचं शेड्यूल डोक्यात घेऊन चहाच्या सेक्शनमध्ये (बागेच्या एका भागात) उभं राहिलं की नुकसान ठरलेलं, कारण चहाचं झाड बहुतेक बाबतीत आपल्या पिकांच्या उलट वागतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, जो नवीन जाणार असेल त्याने जायच्या आधी वाचावं आणि ज्याची स्वतःची छोटी बाग आहे त्याने हंगामाच्या आधी.

पहिली गोष्ट माती. चहाला आंबट जमीन लागते, पीएच ४.५ ते ५.५ च्या मधे. आपल्या काळ्या जमिनीचा पीएच साडेसात-आठ असतो, चुनखडी असते, तिथे चहा जगतच नाही. चहाला चुना सोसत नाही, कॅल्शियम जास्त झालं की मुळं बिघडतात. म्हणजे आपल्याकडे टोमॅटो, डाळिंब, द्राक्षाला हमखास सोडतो ते कॅल्शियम नायट्रेट इथे टाकीच्या जवळपास पण आणायचं नाही. दुसरं, चहाच्या मुळाला नत्र अमोनियमच्या रूपात आवडतं, नायट्रेटच्या रूपात नाही, नायट्रेट घेतं ते कमी आणि हळू, आणि न घेतलेलं नायट्रेट पावसात धुऊन खाली जातं. त्यामुळे तेरा शून्य पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) सुद्धा कपाटात राहू द्या. चहाची खतं म्हणजे युरिया, अमोनियम सल्फेट, पांढरं पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) किंवा शून्य शून्य पन्नास (पोटॅशियम सल्फेट), लागलंच तर मॅग्नेशियम सल्फेट आणि थोडं बारा एकसष्ट (मोनो अमोनियम फॉस्फेट). महागडी रंगीत पाकिटं लागत नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे आपण इथे फळ काढत नाही, पान काढतोय, दोन पानं आणि एक कळी, दर आठवड्याला. फुलोरा, सेटिंग, फुगवण, रंग असले टप्पेच नाहीत. सुकलेल्या चहाच्या पानात साधारण ४ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं आणि २ टक्क्यांच्या आसपास पालाश (पोटॅश), स्फुरद (फॉस्फरस) अगदीच थोडं. जे पान टोपलीतून बाहेर जातं तेच भरून द्यायचं आहे, त्यामुळे हिशोब नत्र आणि पालाश या दोघांभोवती फिरतो.

आता मूळ प्रश्न, ड्रिपमधून द्यायचंच कशाला, आसामात तर पाऊस मरणाचा पडतो. पडतो, पण जून ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते मार्च कोरडं असतं आणि चहाचा पहिला फ्लश (कोवळ्या कोंबांचा पहिला बहर) नेमका मार्चमध्ये येतो. जुनी पद्धत अशी की पहिला चांगला पाऊस होऊन जमीन फूट-दीड फूट ओली झाल्याशिवाय खत फेकायचं नाही, आणि ते बरोबरच आहे, कोरड्या मातीवर युरिया फेकून उपयोग काय. पण तो पाऊस कधी मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो तर कधी एप्रिलमधल्या बोरदोइसिलाच्या वादळासोबत, तोवर झाड उपाशी कोंब काढत बसतं आणि वर्षातलं सगळ्यात भाव मिळणारं पान हातचं जातं. ड्रिप असलं की पावसाची वाट बघायची गरज नाही, फेब्रुवारीच्या शेवटी डोळे फुगायला लागले की पाणी आणि खत दोन्ही मुळाशी. माझ्या मते चहात फर्टिगेशनचा (पाण्यातून खत देण्याचा) खरा फायदा हाच आहे, खत किती वाचलं हा नंतरचा विषय. क्लोनल बागेत तर हे जास्तच लागू, कारण कलमापासून केलेल्या झाडाला बियाण्याच्या झाडासारखं सोटमूळ नसतं, मुळं वरच्या थरात पसरलेली असतात आणि कोरड्यात तीच पहिली सुकतात.

आणि हे सगळं ड्रिपबद्दल चाललंय हे लक्षात ठेवा. आसाम-डुआर्समध्ये स्प्रिंकलरच जास्त दिसतो, अनेक बागांत डिसेंबर ते मार्च स्प्रिंकलरच फिरतो, त्यातून खत सोडायचं नाही. पानावर खत सुकलं की कोवळी पानं करपतात, आणि तीच पानं आपल्याला तोडायची असतात.

पाणी आधी तपासा, खत नंतर

आपल्याकडे पाण्याचा त्रास म्हणजे क्षार आणि बायकार्बोनेट. तिकडे त्रास लोहाचा. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आणि डुआर्समध्ये बोअरच्या पाण्यात लोह भरपूर असतं आणि ड्रिपचा सगळ्यात मोठा शत्रू तोच आहे. पाणी बोअरमधून येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून लोक फसतात. पारदर्शक काचेची बाटली घ्या, बोअर १०-१५ मिनिटं चालल्यावर भरा आणि उघडीच खिडकीत ठेवून द्या. दुपारपर्यंत पाणी पिवळट होतं, संध्याकाळी तळाला गंजासारखा तांबडा गाळ दिसतो. हाच गाळ ड्रीपरच्या आत बसतो, आणि त्यावर लोह खाणारे जिवाणू वाढले की लॅटरलच्या (ओळीतल्या ड्रिप नळीच्या) आत बुळबुळीत नारिंगी थर चढतो, तो नुसत्या फ्लशिंगने निघत नाही. लॅबचा रिपोर्ट असेल तर लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत लोह असेल तर फारशी काळजी नाही, १.५ च्या वर असेल तर ते पाणी थेट ड्रिपला जोडायचंच नाही.

दुसरी बाटली पण भरा आणि त्यात चिमूटभर बारा एकसष्ट टाकून हलवा. लोहाचं पाणी असेल तर थोड्या वेळात गढूळ ढग तयार होतो, म्हणजे फॉस्फेट आणि लोह एकमेकांना धरून खाली बसतात. हा ढग बाटलीत दिसला तर तो पाइपमध्ये पण होणारच, अशा पाण्यातून स्फुरद सोडूच नका.

लोहावर उपाय महाग नाही पण जागा लागते. बोअरचं पाणी उंचावरून फवारा करून किंवा पायऱ्यांवरून घरंगळत टाकीत पाडायचं, म्हणजे हवा लागते आणि लोह टाकीतच गंजून खाली बसतं. ते एक रात्र थांबू द्या. पंपाचं सक्शन टाकीच्या तळाशी ठेवू नका, तरंगत्या डब्याला बांधून वरून दीड-दोन फूट खालचं पाणी ओढा. नंतर सँड फिल्टर आणि मग डिस्क फिल्टर. सँड फिल्टर उलटा धुवायचा असतो, फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज लावून ठेवा, दोन्हीतला फरक वाढला की धुवा, घड्याळ बघून धुऊ नका. झोऱ्याचं किंवा तळ्याचं पाणी असेल तर लोह कमी पण शेवाळ आणि पानं जास्त, तिथेही सँड फिल्टरच. नुसत्या जाळी फिल्टरवर चहाची ड्रिप चालवायचा विचार करू नका.

अजून एक गोष्ट आणि ती मी अगदी मनापासून सांगतोय. बऱ्याच बागांत ज्या बोअरवरून सेक्शनला पाणी जातं त्याच बोअरवरून लेबर लाइनला (मजुरांच्या वस्तीला) प्यायचं पाणी जातं. पंप बंद पडला किंवा लाइट गेली की खताचं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. खत जिथे मिसळतं त्याच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि एअर व्हॉल्व्ह हवाच, आणि जमलं तर खताची लाइन वेगळ्या टाकीवरून, बोअरला थेट न जोडता. हे नसेल तर खत सोडायला साफ नाही म्हणा, मॅनेजर कितीही घाई करो.

सिस्टीम

चहाच्या सिंगल हेजमध्ये (एकेरी ओळीत) दर ओळीला एक लॅटरल, डबल हेज असेल तर जोडओळीच्या मधे एक. १६ एमएमची इनलाइन नळी, ड्रीपर ५० किंवा ६० सेंटिमीटरवर, ताशी २ लिटरचा. जमीन हलकी रेताड असेल तर ड्रीपर जवळ घ्या, कारण रेतीत पाणी बाजूला पसरत नाही, सरळ खाली उतरतं.

आसामात जमीन सपाट असते त्यामुळे साधा ड्रीपर चालून जातो. वालपराई, निलगिरीत उतार आहे आणि १० मीटर उंचीला जवळपास १ किलोचं प्रेशर बदलतं, तिथे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (प्रेशर बदललं तरी तेवढंच पाणी देणाऱ्या) ड्रीपरशिवाय पर्याय नाही. सबमेन (लॅटरलला पाणी देणारा मोठा पाइप) उतारावरून खाली, लॅटरल कंटूरला धरून आडव्या. उतारावर अजून एक भानगड असते जी सपाटीवाल्यांना सुचत नाही, पंप बंद केल्यावर पाइपमधलं उरलेलं सगळं पाणी खालच्या ओळींमधून गळत राहतं. त्या पाण्यात खत असेल तर दर वेळी खालच्या झाडांना जास्त आणि वरच्यांना कमी, आणि काही महिन्यांनी सेक्शनचा वरचा भाग फिका, खालचा गडद हिरवा दिसायला लागतो. लोक मातीला दोष देतात. नॉन-ड्रेन (पंप बंद झाला की गळणं थांबवणारे) ड्रीपर असतील तर उत्तम, नाहीतर निदान शेवटी साधं पाणी पुरेसं चालवून पाइप धुऊनच पंप बंद करा.

खत ओढायला छोट्या बागेला व्हेंचुरी पुरते, फक्त तिला दोन बाजूंच्या प्रेशरमध्ये चांगला फरक लागतो, नाहीतर नळी टाकीत लोंबकळत राहते आणि ओढत काहीच नाही. फर्टिलायझर टँक वापरलात तर सुरुवातीला दाट आणि शेवटी पातळ खत जातं हे माहीत असू द्या, एका वेळी एकच सेक्शन असेल तर चालतं, एका टँकवर पाठोपाठ तीन सेक्शन फिरवले तर पहिल्याला सगळं आणि तिसऱ्याला जवळजवळ साधं पाणी. मोठ्या बागेला सरळ डोसिंग पंप घ्या.

खत सुरू करायच्या आधी ड्रीपर एकसारखे चालतायत का ते बघायचं. सोपी युक्ती आहे, मेजरिंग सिलिंडर घेऊन ड्रीपरखाली बरोबर ३६ सेकंद धरा, जितके मिली पाणी पडेल त्याला दहाने भागा, तो ताशी लिटरचा आकडा. २० मिली म्हणजे २ लिटर. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या लॅटरलवर, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला, मधे, शेवटी असं फिरून मोजा. कुठे २० आणि कुठे १२ येत असेल तर खत सोडू नका, कारण ड्रिपमधलं खत पाण्याइतकंच एकसारखं जातं, त्यापेक्षा चांगलं कधीच नाही.

किती खत, आणि हिशोब

डोस माती तपासून आणि मागच्या वर्षीच्या उत्पादनावरून ठरतो. ईशान्येत जोरहाटची टोकलाई चहा संशोधन संस्था १९११ पासून चहावरच काम करते, दक्षिणेत वालपराईला उपासीची (दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या संघटनेची) चहा संशोधन संस्था आहे, त्यांच्या शिफारशी आपापल्या भागासाठी आहेत, एकीची दुसरीकडे उचलून लावू नका. दक्षिणेत हिवाळ्यात झाड आसामसारखं पूर्ण झोपत नाही, जवळपास वर्षभर पान येतं, त्यामुळे तिथले नत्राचे आकडे मोठे दिसतात.

मी इथे आसामच्या मोठ्या झालेल्या, त्या वर्षी छाटणी न केलेल्या बागेचं एक उदाहरण घेतो, समजा रिपोर्टप्रमाणे हेक्टरी वर्षाला १२० किलो नत्र आणि ८० किलो पालाश द्यायचंय. अर्धं ड्रिपमधून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, आठवड्याला एक असे १० डोस, उरलेलं अर्धं पावसाचा जोर ओसरल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात हाताने, जुन्या पद्धतीने. म्हणजे प्रत्येक डोसला ६ किलो नत्र आणि ४ किलो पालाश.

नत्र अर्धं युरियातून, अर्धं अमोनियम सल्फेटमधून घेऊ. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ३ किलो नत्राला साडेसहा किलो युरिया. अमोनियम सल्फेटमध्ये २०.५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेचौदा किलो, आणि सोबत गंधक फुकट मिळतं. पांढऱ्या पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणजे सहा किलो सातशे ग्रॅम. सगळं मिळून साधारण २८ किलो, २०० लिटरच्या ड्रममध्ये आरामात विरघळतं. पण ड्रम छोटा घेतला तर गडबड होते, कारण अमोनियम सल्फेट आणि पोटॅश एकत्र आले की त्यातून पोटॅशियम सल्फेट तयार होतं आणि ते पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरला शंभर-एकशे दहा ग्रॅमच्या आसपास, थंडीत त्याहून कमी. ५० लिटरच्या टाकीत हेच २८ किलो कोंबलं तर तळाला पांढरी वाळू बसेल आणि व्हेंचुरीची जाळी भरेल. २०० लिटर ठेवा म्हणजे झालं.

विरघळवायचा क्रम पण आहे. ड्रम पाऊण भरा, आधी पोटॅश टाका कारण ते हट्टी आहे, बांबूने चांगलं ढवळा, मग अमोनियम सल्फेट, आणि युरिया सगळ्यात शेवटी. युरिया विरघळताना पाणी थंडगार करतो, ड्रमला हात लावला तर लगेच कळतं, तो आधी टाकला तर गार पाण्यात पोटॅश विरघळायला दुप्पट वेळ घेतो आणि फेब्रुवारीची आसामची सकाळ आधीच गार असते. मग पातळ कापडातून गाळून घ्या आणि सक्शनची नळी तळापासून चार बोटं वर बांधा. लाल पोटॅश स्वस्त मिळतं म्हणून आणू नका, त्याचा लाल रंग म्हणजे लोहाचा न विरघळणारा अंश, एवढ्या कष्टाने पाण्यातलं लोह काढलं ते परत टाकीत घातल्यासारखं होईल. डीएपी, सुपर फॉस्फेट, मिश्र दाणेदार खतं यातलं काहीही ड्रिपला चालत नाही.

स्फुरदाचं काय तर ते मातीतून द्या. आंबट जमिनीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळतं आणि चहाला ते पुरतं, झाडांच्या ओळीत थोडं खोल गाडून द्यायची पद्धत आहे. ड्रिपमधून बारा एकसष्ट फक्त नव्या लागवडीला, मुळं फुटायच्या काळात, आणि पाण्यात लोह नसेल तरच. मॅग्नेशियम कमी पडलं तर जुन्या पानावर मधल्या शिरेजवळ उलट्या व्ही सारखा हिरवा पट्टा राहतो आणि बाकी पान पिवळं होतं, पालाश सतत जास्त दिला की हे दिसतं, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट वेगळ्या दिवशी सोडा, फॉस्फेटच्या खतासोबत एका टाकीत नको. झिंक मात्र ड्रिपमधून नाही, चहाला झिंक सल्फेट फवारणीतूनच देतात.

प्रत्यक्ष सोडताना

ओळीतलं अंतर १.०५ मीटर आणि ड्रीपर ६० सेंटिमीटरवर, ताशी २ लिटरचा असेल तर हेक्टरी सोळा हजारच्या जवळपास ड्रीपर होतात आणि तासाला ३२ हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं, म्हणजे तासाला ३ मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. त्या काळात दिवसाला ३ मिलिमीटर उडतं असं धरलं तर दोन तास चालवलं की दोन दिवसांचं पाणी झालं.

हे दोन तास असे वाटून घ्या. पहिली २५-३० मिनिटं नुसतं पाणी, प्रेशर स्थिर होईपर्यंत आणि वरची माती ओली होईपर्यंत. मग एक तास खत, व्हेंचुरीचा व्हॉल्व्ह असा लावा की २०० लिटरचा ड्रम बरोबर तासाभरात संपेल. २८ किलो खत ३२ हजार लिटरमध्ये गेलं म्हणजे लिटरला एक ग्रॅमच्याही आत, मोठ्या झाडाला हे सुरक्षित आहे. उरलेला वेळ परत साधं पाणी. हा शेवटचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चोरला जाणारा, कारण पाणीवाल्याला घरी जायचं असतं आणि ड्रम रिकामा दिसला की काम संपलं असं त्याला वाटतं. नळीत खत राहिलं तर ड्रीपरच्या तोंडाशी सुकतं आणि शेवाळालाही खाऊ मिळतो.

शेवटचा टप्पा किती मिनिटांचा हे अंदाजाने ठरवायचं नाही. ईसी मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) घेऊन सगळ्यात लांबच्या लॅटरलच्या शेवटच्या ड्रीपरपाशी बसा. खत सुरू केल्यापासून तिथला आकडा चढायला जितका वेळ लागला, निदान तितका वेळ शेवटी साधं पाणी चालवायचं आणि आकडा परत मूळ जागी आला की बंद. एकदा मोजून तो वेळ सरदाराच्या (मजुरांच्या मुकादमाच्या) वहीत आणि व्हॉल्व्हजवळच्या पाटीवर लिहून टाका. फक्त हे लक्षात असू द्या की युरिया ईसी मीटरला दिसत नाही, त्यामुळे नुसता युरिया सोडला असेल तर मीटर काहीच सांगणार नाही, ही मोजणी अमोनियम सल्फेट असलेल्या दिवशी करा. आणि खूप जास्त वेळही धुऊ नका, युरिया मातीला चिकटत नाही, पाण्यासोबत खाली निघून जातो आणि चहाची खाणारी पांढरी मुळी बहुतेक वरच्या फूटभरातच असते.

दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन ड्रीपरखाली आणि ड्रीपरपासून वीतभर बाजूला फूटभर खणून बघा. माती मुठीत दाबली की गोळा व्हायला हवा पण बोटांतून पाणी सुटायला नको. वापसा असेल तरच मुळी खाते, चिखलात चहाची मुळं गुदमरतात, निचरा नसलेल्या सेक्शनला ड्रिप लावून काही साधत नाही, आधी तिथले नाले उघडा.

पाऊस आला तर? चांगला २०-२५ मिलिमीटर पडला तर त्या आठवड्यात पाणी द्यायची गरज नाही पण खताचा डोस चुकवू नका, एक-दोन दिवस थांबून वापसा आला की सुरुवातीचं पाणी अगदी कमी करून तेवढं खत सोडा आणि नळ्या धुवून घ्या. जूनपासून खरा पावसाळा लागला की फर्टिगेशन बंद, भिजलेल्या जमिनीत टाकलेलं नत्र नाल्यात जातं. डिसेंबर-जानेवारीतही आसामात नत्र नको, दिवस लहान आणि थंडी म्हणून झाड झोपलेलं असतं, तेव्हा फक्त जगण्यापुरतं पाणी.

नव्या लागवडीला मात्र हे आकडे लावू नका. छोट्या रोपाला लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आत, थोडं थोडं आणि वारंवार, आणि पांढऱ्या पोटॅशऐवजी शून्य शून्य पन्नास, कारण क्लोराइड कोवळ्या मुळीला लवकर लागतं. वर ग्वाटेमाला गवताचं आच्छादन टाकलं तर ड्रिपचा ओलावा टिकतो आणि लॅटरल उन्हात तापत नाही. रोपाच्या बुंध्याला ड्रीपर चिकटवून ठेवू नका, दोन-तीन इंच बाजूला.

ज्या वर्षी छाटणी केली त्या वर्षी नत्र कमी लागतं, पान कमी निघतं आणि छाटणीचा पालापाचोळा पण कुजून काहीतरी देतो. छाटणीच्या आधी लॅटरल ओढून ओळीच्या एका कडेला घ्या नाहीतर कोयत्याखाली जातात. उंदीर आणि साळिंदर नळ्या कुरतडतात, ज्या बागांतून हत्तींची वाट जाते तिथे सबमेन जमिनीत खोल गाडा आणि व्हॉल्व्हच्या पेट्या त्या वाटेवर ठेवू नका.

नंतर काय बघत राहायचं

ड्रिपमधून अमोनियमचं खत सतत एकाच ठिकाणी पडतं त्यामुळे ड्रीपरखालची माती बाकी सेक्शनपेक्षा जास्त आंबट होत जाते. युरियापेक्षा अमोनियम सल्फेटने हे लवकर होतं. म्हणून मातीचा नमुना घेताना एक ड्रीपरखालचा आणि एक ओळींच्या मधला असे दोन वेगळे घ्या, एकत्र मिसळले तर रिपोर्ट छान येतो आणि झाड पिवळं राहतं. ड्रीपरखाली पीएच ४.५ च्या खाली जायला लागला तर अमोनियम सल्फेट कमी करून युरियाकडे वळा, आणि छाटणीच्या वेळी शिफारशीप्रमाणे डोलोमाइट. उलट बाजूने बायकार्बोनेटचं पाणी असेल आणि पीएच वर चढत असेल तर अमोनियम सल्फेटच तुमचा मित्र.

झाड पण सांगतं. नत्र कमी पडलं की पान फिकं आणि बांझी कोंब जास्त, म्हणजे डोळा झोपलेला, नवीन पान येतच नाही. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा करपतात आणि छाटणीनंतर फांद्या बारीक येतात. नत्र जास्त झालं तर पान लुसलुशीत आणि भरपूर दिसतं, तोडणीवाल्या बायका खूश, मॅनेजर खूश, पण काळ्या चहाची प्रत घसरते आणि रस शोषणारी कीडही कोवळ्या पानावर तुटून पडते. किडीवरून आठवलं, कीटकनाशक ड्रिपमधून सोडायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका, टी बोर्डाच्या पीक संरक्षण नियमावलीत कोणती औषधं चालतात ते ठरलेलं आहे आणि पानातले अवशेष कारखान्याच्या गेटवर पकडले जातात.

पहिल्या वर्षी एकूण खत कमी करू नका. विक्रेते सांगतात ड्रिप लावलं की खत अर्धं करा, तसं करू नका. एकूण डोस तोच ठेवा, फक्त वाटणी बदला, शेजारचा सारखाच एक सेक्शन जुन्या पद्धतीवर ठेवा आणि दोन्हीचं हिरवं पान दर आठवड्याला वेगळं वजन करून लिहा. पूर्ण हंगामाचे आकडे आणि मातीचा रिपोर्ट हातात आल्यावर थोडं थोडं खाली या.

देखभालीत आठवड्याला लॅटरलच्या एंड कॅप उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचं, पाच-सहा ओळी एका वेळी, सगळ्या एकदम उघडल्या तर प्रेशरच राहत नाही. लोहाचा थर जमत असेल तर हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी आम्ल सोडावं लागतं, आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हातमोजे आणि चष्मा घालून. शेवाळ आणि जिवाणूंसाठी क्लोरीन वापरतात पण क्लोरीन आणि आम्ल एकाच वेळी कधीच नाही, विषारी वायू निघतो, आणि युरिया-अमोनियम असलेल्या पाण्यातही क्लोरीन नको, ते वेगळ्या दिवशी. पावसाळ्याआधी शेवटचं फ्लशिंग झालं की सँड फिल्टर रिकामा करून वाळू धुवून वाळवा, डिस्क काढून ब्रशने साफ करा, व्हेंचुरी आणि गेज काढून गोदामात ठेवा, एंड कॅप उघड्या ठेवू नका कारण मुंग्या आणि माती आत जाते. नोव्हेंबरात परत जोडताना पुन्हा ३६ सेकंदांची मोजणी करा, मागच्या वर्षीच्या वहीशी आकडे ताडून बघा आणि जिथे १० टक्क्यांपेक्षा जास्त घट दिसेल त्या ओळी फेब्रुवारीच्या आत बदलून घ्या.